चरखी फिरते तोवर

बाबांचा मेसेज आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभी होते. ‘हमीदभाई गेले. आज असरच्या नमाजनंतर दफन आहे. तू पोहोचणार नाहीस, धावपळ करू नकोस.’ मी फोन पर्समध्ये ठेवला, ताट घेतलं, जेवले, आणि घरी जाईपर्यंत कोणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? ते माझे नातेवाईक नव्हते. अमरावतीला राजापेठेत आम्ही भाड्याने राहायचो, त्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं... एवढंच. याला आता दीड महिना झाला.

मी अकरा वर्षांची असताना आईने बॉबिनची डबी दुरुस्तीला देऊन मला त्यांच्याकडे पाठवलं होतं. अनोळखी माणसाशी बोलणं मी टाळायचे. वाक्य मनात तीनदा म्हणत मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. हमीदभाईंच्या, म्हणजे पुढे माझे झालेल्या चाचांच्या हातात अॅल्युमिनियमचं एक चकचकीत चाक होतं, मधल्या खिळीवर गरगर फिरणारं. त्यांनी वर न बघता बोट ओठांवर ठेवलं. चाक फिरत राहिलं, हळू झालं, किंचित मागे झुललं आणि थांबलं. मग ते म्हणाले, “हं, बोल आता. चरखी फिरते तोवर बोलाचं नसते.” मला तोवर सगळे ‘तू बोलत का नाहीस’ एवढंच विचारत आले होते. बोलू नको म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

ती मासे धरायची चरखी होती. बाजारात मिळणाऱ्या चरखीत मासा ओढू लागला की दोरा अडवणारी सोय असते. हिच्यात तसं काहीच नव्हतं. दोरा गुंडाळायला एक ढोल, मधोमध एक खीळ, फिरवायला दोन बारक्या मुठी, आणि अडवायला फक्त आपला अंगठा. लहानपणी हिवरखेडला, त्यांच्या गावी, नदीवर आलेल्या कोण्या साहेबाच्या हातात त्यांनी तशी चरखी पाहिली होती. ती डोक्यातून गेली नाही. पुढे एका दोस्ताच्या लेथवर त्यांनी स्वतःच ती बनवली. आधीच्या तीन बिघडलेल्या चरख्या खणात पडून होत्या. त्यांतल्या एकीवर चाची लसूण ठेचायची.

थंडी सुरू होण्याआधी चरखी तयार करायचा एक दिवस ठरलेला असायचा. खीळ जुन्या मलमलीने पुसायची, मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकायचा. दोन टाकले की धूळ धरते. मग ढोलावर तळाशी शिंप्यांकडून आलेल्या रिळांमधला उरलासुरला दोरा गुंडाळायचा, म्हणजे वरच्या तंगूसला, नायलॉनच्या दोऱ्याला, मोठे वेढे मिळतात आणि तो सरळ सुटतो. तंगूस भरायला मात्र दोन माणसं लागतात. एकाने रिळात पेन्सिल घालून धरायचं, दुसऱ्याने चरखी फिरवायची. पूर्वी हे काम चाची करायची. पण ती रीळ अशी आवळून धरायची की वरचे वेढे खालच्यांत रुतून बसायचे आणि ऐन नदीवर दोरा अडकायचा. “मासा पकडायचा आहे, चोर नाही,” असं चाचा ओरडायचे आणि चाची पेन्सिल फेकून आत निघून जायची. एका वर्षी ती पेन्सिल त्यांनी माझ्या हातात दिली. मी ना घट्ट धरलं, ना सैल. भरून झाल्यावर माझ्या इंग्लिश शाळेवरून चिडवत ते चाचीला म्हणाले, “पाह्य, इंग्लिश मॅडमले जमलं. तुयी नोकरी गेली.” त्यानंतर दर वर्षी पेन्सिल मीच धरली.

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी ते बाबांना आणि मला हिवरखेडला न्यायचे, वान नदीवर. बाबा बाभळीखाली पेपर तोंडावर घेऊन झोपायचे. आम्ही वाहत्या पाण्याच्या कडेला. दोऱ्याला तरंगायला मोराच्या पिसाचं देठ, खाली वजनाला शिशाचे दाणे आणि गळाला कणकेची गोळी लावून ते पाण्यात सोडायचं. पाणी ते ओढत नेतं, चरखी आपोआप फिरते, दोरा जात राहतो. पाण्यापेक्षा किंचित हळू जाऊ द्यायचा, म्हणजे कणकेची गोळी देठाच्या पुढे राहते आणि माशाला आधी तीच दिसते. त्यासाठी चाकाच्या कडेवर अंगठा. “दाबू नको, बेटा. नुसता ठेव. झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवतो, तसा.” पहिल्यांदा देठ बुडालं तेव्हा मी घाबरून अंगठा गच्च दाबला. तंगूस तुटली, देठ गेलं, मासा गेला. मला रडू येत होतं. चाचा शांतपणे विडी पेटवत म्हणाले, “तू लोकायशी बी असंच करते. कोनं जरासं ओढलं, का लागली ब्रेक मारायले.” मग गळ बांधायला बसले. मला त्यांचा राग आला होता. राग आला की मी आणखी गप्प होते, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी चरखी काढून माझ्यापुढे धरली, टिचकी मारून फिरवली, आणि आम्ही दोघं ती थांबेपर्यंत बघत बसलो...

नोकरी लागल्यावर मी पुण्याला गेले. आई-बाबांनीही गल्ली सोडून लांबच्या कॉलनीत घर घेतलं. चाचांचा फोन यायचा आणि बरेचदा मी उचलायचे नाही. फोनवर गप्प बसता येत नाही ना. मागच्या पावसाळ्यात उचलला होता. “तंगूस आणून ठेवली बरं, नवी. कवा येतं?” मी म्हणाले, “बघते, चाचा.”

दिवाळीत दोन दिवस गेले होते. राजापेठेतून जाताना मुद्दाम स्कूटी हळू केली. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. लोक असले की मी आत शिरत नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन वळले, पुन्हा पाहिलं, अजून दोघं होतेच. उद्या येऊ, म्हटलं. दुसऱ्या दिवशी बसची वेळ झाली... दीड महिना मी हेच एक दृश्य परत परत पाहते आहे. ते माझ्यावर रुसून गेले का, एवढंच मला कोणाला तरी विचारायचं होतं.

परवा चाचीकडे गेले. तिने चहा ठेवला आणि न मागता चरखी आणून समोर ठेवली. ढोलावर जुनीच तंगूस होती. शेजारी नवं रीळ, आणि त्यात आधीच घातलेली पेन्सिल.

“ह्या थंडीत गेले होते का नदीवर?” मी विचारलं.

“गेले ना. जुन्याच दोऱ्यावर. दोनदा तुटली. शिव्या देत आले घरी.”

“मला?”

“तुले काहून देतीन? तंगूसले.” चाची थोडी हसली. मग पदराने चरखी पुसत म्हणाली, “दिवाळीत तू आली होती न गाडीवर? त्याइनं पाह्यलं होतं. मले म्हने, मानसं हायेत, पोरगी आत नाही यायची. मंग काय, एकाची मशीन ‘उद्या घेऊन जा’, दुसऱ्याची ‘उद्या ये’, भराभर सारे वाटेले लावले. शटर अर्धं पाडून पायरीवर बसले. तवर तू गेलती.”

मी नव्या रिळावरून बोट फिरवत राहिले. चहा निवला. चाचीच म्हणाली, “भरून टाकू का? मी फिरवतो, तू धर.”

जुनी तंगूस काढली. तळाशी शिंप्यांचे दोरे निघाले, लाल, पिवळे, आणि एका पट्टीत माझ्या शाळेच्या पिनोफोरचा निळा. तो तसाच राहू दिला. मी पेन्सिल धरली. चाचीने फिरवली, बरी फिरवली. भरून झाल्यावर चाक काढून खीळ पुसली, तेलाचा एक थेंब टाकला आणि चाक परत बसवलं. मी टिचकी मारली.

ती फिरायला लागली. चाचीने सवयीने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि स्वतःच मिटलं. रस्त्यावर हॉर्न वाजत होते, समोरच्या ट्यूशन क्लासची मुलं सुटली होती. माझा अंगठा कडेपासून एका बोटावर होता. मी तो लावला नाही.