मॉरिसचा उजवा कान

डिचोलीहून अस्नोड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला गोकुळदासाचं गॅरेज होतं. माडाचे चार खांब, वर पत्रे, मागे कुलूप लावता येईल अशी एक खोली आणि पुढे एक लांब बाकडं. बाकड्यावर गिऱ्हाइकं कमी आणि रिकामटेकडे जास्त बसत. इंजिनातलं त्याला काही कळत नसे आणि ते तो चारचौघांत सांगायचाही. "इंजिनाचां म्हाका विचारू नाका. उजेड, भोंगो आनी बॅटरी, इतलांच म्हजां." पण तेवढ्यापुरता त्याचा शब्द पेडण्यापासून साखळीपर्यंत चालत असे. पोर्तुगिजांच्या वेळेस म्हापशात एका किरिस्तांव मेस्ताच्या, म्हणजे ख्रिस्ती मिस्त्रीच्या, हाताखाली तो शिकला होता, म्हणून लोक त्यालाही गोकुळमेस्त म्हणत.

त्या मेस्ताकडून त्याने एक सवय उचलली होती. गाडीतून काढलेली वस्तू फळीवर ठेवायची नाही. पुसायची, कापडात गुंडाळायची आणि त्याच गाडीत कुठेतरी ठेवून द्यायची. फळीवर सगळ्या गाड्यांचं गोत्र एक होतं, मग ह्याचा दिवा त्याला आणि त्याची वायर ह्याला. "गाडयेची वस्त गाडयेंत," असं तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवी.

गोव्याचं घटकराज्य झालं त्या वर्षी, ऐन पावसात, पार्सेचे काशिनाथबाब आपली मॉरिस मायनर ट्रकामागे दोर बांधून घेऊन आले. काजूच्या बागा, माडांची भाटं, बोलणं मोजकं. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली.

"मेस्ता, रोहिणीचां लगीन तुळशीनंतर. तिका ह्याच गाडयेंतसून धाडतलों. मुरगांवच्या बंदरार उतरली तेन्ना आशिल्ली तशी म्हाका जाय. भोंगो तोच, दिवे तेच, आनी कान तेच."

कान म्हणजे ह्या गाडीची खरी गंमत. जुन्या मॉरिसला वळताना लुकलुकणारे दिवे नव्हते. दोन दारांच्या मधल्या खांबात वीतभर लांबीची एक पट्टी लपलेली असे, तिच्यात पिवळी काच आणि आत लांबोडका बल्ब. चालकाने बटण फिरवलं की त्या बाजूची पट्टी खांबातून टपकन बाहेर येऊन आडवी उभी राही, गुरानं कान टवकारावा तशी. मधे कोणीतरी नवे दिवे लावून कानांच्या वायरी कापून टाकल्या होत्या. कान मात्र आतच होते, वर्षानुवर्षं मिटलेले.

ह्या कामावर गोकुळदासाने सखारामला घेतलं. सखाराम चंदगडकडचा, तिशीतला. आधी खाणीवरच्या ट्रकांच्या वायरी ओढायचा, मग इकडे आला. पहिल्या दिवशी त्याने खोलीच्या दारावर भाषेच्या आंदोलनात चिकटवलेलं, अर्धं फाटलेलं पत्रक मोठ्याने वाचलं, 'मराठी राजभाषा झालीच पाहिजे', आणि खूष होऊन म्हणाला, "म्हंजे हितं आपलंच राज्य म्हना की, मेस्त्री."

गोकुळदास तेव्हा हसला होता. आंदोलनात तो डिचोलीच्या मोर्च्याला गेला होता, घसा बसेपर्यंत ओरडला होता.

दोघांनी मिळून खांब उघडले. डाव्या कानाचं वेटोळं जळलेलं होतं. सखारामने ते उलगडलं आणि केसासारखी तांब्याची तार घेऊन नव्याने गुंडाळलं. उजव्या कानाला नुसता गंज. तो गोकुळदासाने स्वतः घासला, काच चिंचेने आणि राखेने साफ केली, बॅटरी लावून बघितली. कान टपकन उठला. सखाराम लहान मुलासारखा पुन्हापुन्हा बटण दाबत राहिला.

"पुरे रे, जळतलो!"

"एकदाच, मेस्त्री. कसा सलाम ठोकतोय बघा की."

मग चवथ आली. गॅरेज बंद झालं, सखाराम गणपतीला गावी गेला. तो परत आल्यावर काम पुन्हा सुरू झालं, डावा कान बसला आणि उजवा सापडेना.

गोकुळदासाने गाडीची डिकी बघितली, पुढचा कप्पा बघितला, चटया उचलल्या. खोली उपसली. सखारामही शोधत होता, घामाघूम होऊन. बाकड्यावर बाबली बसला होता. बाबली टॅक्सीवाला, मूळचा हळर्णचा. गाडी बिघडलेली नसतानाही दिवसातून एकदा त्याची फेरी ठरलेली.

"गोकुळ, खोलयेची चावी कोणाकडे आसता रे?"

"दोगांकडेय."

"दोगांकडेय!" बाबलीने मान डोलावली. "चवथीक घाटी गांवांत गेलो. पिशवी घेवन गेलो मरे?"

सखाराम डिकीत डोकं घालून होता. त्याने ऐकलं. काही बोलला नाही.

त्या न बोलण्याचाच गोकुळदासाने अर्थ काढला. पुढे त्याला सगळंच तसं दिसायला लागलं. पुन्हापुन्हा बटण दाबणारं बोट, गावी जातानाची फुगलेली पिशवी. असला कान आता मिळत नाही, मुंबईच्या जुन्या बाजारात कोणीही हसत घेईल, हे सखारामला त्यानेच सांगितलं होतं. पार्सेला निरोप गेला की वस्तू चोरीला गेली. काशिनाथबाब रागावले नाहीत. "तुज्या गॅरेजींतसून?" एवढंच त्यांनी विचारलं.

पोलिसांत जाणं गोकुळदासाला कमीपणाचं वाटलं. तिथल्या माणसांत चोरीचा संशय आला की गावच्या देवीपुढे गाऱ्हाणं घालतात. सोमवारी तो सखारामला सातेरीच्या देवळात घेऊन गेला. बायको, सुमंगला, आदल्या रात्रीपासून सांगत होती, "तो परको मनीस. आमचे देवीचां ताका कायच म्हायत ना. घरांत बसून विचार, देवळांत व्हरू नाका."

"चोरी केली ना जाल्यार भियेवपाचां काय आसा?" गोकुळदास म्हणाला.

देवळात सोमवारची माणसं होतीच. बाबलीही आला. घाडी म्हणजे देवीपुढे गाऱ्हाणं सांगणारा माणूस. त्याने नारळ ठेवला. गोकुळदासाने सगळ्यांदेखत शब्द उच्चारले: ज्या हाताने ही वस्तू जाग्यावरून हलली, आई, त्या हाताला तू बघून घे. सखारामला नारळावर हात ठेवायला सांगितलं. त्याने चपला आधीच काढल्या होत्या, तरी खाली बघून पुन्हा खात्री केली. हात ठेवला. घाडीने सांगितलेलं त्याच्यामागून म्हटलं, त्यातले दोन शब्द त्याला नीट म्हणता आले नाहीत. तेव्हा मागून कोणीतरी हसलं.

दुपारी येऊन त्याने मॉरिसच्या दिव्यांच्या उरलेल्या वायरी जोडल्या, त्यांना टेप गुंडाळला, हात धुतले.

"मेस्त्री, निघतो."

"फाल्यां लवकर यो."

"न्हाई. निघतोच."

गोकुळदासाला बरं वाटलं. चोर होता म्हणून गेला.

मागची सीट म्हापशाहून नवं रेक्झिन लावून यायची होती. चवथीआधी बाबलीच आपल्या टॅक्सीच्या टपावर बांधून घेऊन गेला होता, आता तोच घेऊन आला आणि टाकून गेला. गोकुळदास एकटाच होता. सीट आडवी करून त्याने दारातून आत सरकवली आणि तिच्या पोटात काहीतरी खडखडलं.

पहिल्या खडखडाटालाच त्याला सगळं आठवलं. सगळं एकदम, भिंतीवरचा दिवा लागावा तसं. डिकीत पाणी गळत होतं. कान भिजू नये म्हणून त्याने जुन्या गंजिफ्रॉकात गुंडाळून सीटखालच्या स्प्रिंगांच्या जाळ्यात, वरच्या बाजूला, घट्ट खोचला होता. गाडयेची वस्त गाडयेंत. म्हापशाच्या माणसाने स्प्रिंगांना हात न लावता खालून नवं कापड ताणून शिवून टाकलं होतं.

त्याने पान्याच्या टोकाने टाके उसवले. गंजिफ्रॉक त्याचाच होता. तो गाडीतच, सीटच्या जागी, पत्र्यावर बसून राहिला. रस्त्यावरून माणसं जात होती आणि त्याला वाटत होतं, आता कोणीतरी हाक मारेल. कोणी हाक मारली तर काय सांगायचं, हाच विचार त्याच्या मनात आधी आला. सखाराम त्यानंतर आला. हे त्याला पुढे सगळ्यात जास्त टोचत राहिलं.

कोणी आलं नाही. त्याने टाके घातले, कान बसवला आणि काशिनाथबाबांना सांगितलं, मुंबईच्या जुन्या बाजारातून ओळखीने मिळवला.

"शाबास मेस्ता. घाट्यान न्हेलो तरी तुवें म्हजी लाज राखली."

लग्नाच्या दिवशी पार्सेला गाडी निघाली तेव्हा काशिनाथबाबांनी वळणावर मुद्दाम बटण फिरवायला लावलं. उजवा कान उठला. बायकांनी "अगो, पळय गो!" म्हणत तोंडाला पदर लावले. पाहुण्यांत काशिनाथबाबांनी गोकुळदासाला खांद्याला धरून पुढे आणलं, वस्तू कशी चोरीला गेली आणि ह्या माणसाने कशी पैदा केली ते सांगितलं. गोकुळदास मान खाली घालून उभा होता. लोकांना तो विनय वाटला.

घरी आल्यावर त्याने सुमंगलेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप तसंच धरून राहिली.

"केन्ना मेळलो तो तुमकां?"

"सीट आयली तेन्ना."

"आनी इतले दीस…" तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "देवळांत तो त्या घाड्याच्या मागल्यान म्हणटालो म्हण आयकलां. ताका येय नाशिल्लां. तुमी हांसलात?"

"हांव हांसलों ना."

"हांसतल्यांक ओगीय केलां ना मरे?"

सखाराम पेडण्याला एका खाजगी बसमालकाकडे लागला आहे, असं कळलं होतं. गोकुळदास बस पकडून गेला. सखाराम बाहेरच भेटला, हातात चहाचा ग्लास. गोकुळदासाने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मग म्हणाला, "सोमवारी देवळांत यो. गाऱ्हाणां घातलेलां उतरूंक जाय. हांव देवीकडे माफी मागतां. दोगांनीय उबां रावपाचां आसता."

सखारामने चहा संपवला.

"देवीला काय सांगताय, मेस्त्री? तिला पयल्या दिवसापासनं ठावं हाय. बाबलीला सांगा."

"बाबलीक?"

"जे हसले त्येस्नी. मी गावाकडं गेलो तर तिथंबी पोचलंय. हितल्या ट्रकावर आमच्या गावचे चौघं हायत. बायको इचारती, खरंच काय वो?" तो आत गेला.

गोकुळदास परत आला आणि दुसऱ्या दिवशी बाकड्यापुढे उभा राहिला. बाबली होता, आणखी तिघे होते. त्याने सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत गेला.

बाबली मांडीवर थाप मारून हसला. "म्हणटकच म्हजे टॅक्सीच्या टपार बसून तो कान म्हापशां गेल्लो! आनी भाडां दिवंक ना!"

सगळे हसले. हसण्याच्या ओघात गोकुळदासालाही वाटलं की सुटलो. तेवढ्यात बाबली डोळे पुसत म्हणाला, "जावं दे रे गोकुळ. आयज ना जाल्यार फाल्यां न्हेतलोच आशिल्लो. घाटी तो."

बाकड्यावर कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. गोकुळदास खोलीच्या दाराकडे बघत राहिला. दारावर ते पत्रक अजून चिकटलेलं होतं. ह्याच माणसांच्या खांद्याला खांदा लावून तो ओरडला होता, आणि सखाराम जी भाषा बोलत होता तिच्यासाठीच. त्याला कळलं की बाबलीच्या तोंडून आता आलं ते वाक्य बाबलीचं एकट्याचं नव्हतं. कान हरवला त्या दिवसापासून ते त्याच्या स्वतःच्या पोटात होतं.

"ऊठ," तो बाबलीला म्हणाला. "टॅक्सी काड."

"खंय?"

"पेडण्यां."

"आनी भाडां?"

"ऊठ म्हणटां न्हय!"

वाटेत बाबलीने दोनदाच विनोद करून बघितला.

पेडण्याला बस अंगणात उभी होती. चालक, कंडक्टर, दोन हमाल सावलीला बसले होते. सखाराम बसखाली होता. बाहेर फक्त त्याचे गुडघ्यापासून पुढचे पाय दिसत होते. गोकुळदासाने हाक मारली. पाय हलले नाहीत, खालची खटखट चालूच राहिली.

तो तिथेच, तेलाच्या डागांत, उकिडवा बसला आणि त्या पायांपाशी मोठ्याने बोलला. कान कुठे होता, कोणी ठेवला होता, सापडल्यावर त्याने किती दिवस लपवला, काशिनाथबाबांना काय खोटं सांगितलं. "चोरी सखारामान करूंक ना. चोरी जावंकच ना. हांवें देवळांत व्हरून ताचेर आळ घातलो, कारण तो भायलो." मग बाबलीकडे बघून, "ह्यान म्हाका घाटी म्हणून सांगलां आनी हांवें आयकलां. आयकपी हांव." बाबली चाव्यांशी चाळा करत, टॅक्सीला टेकून, जमिनीकडे बघत होता. कंडक्टरने विडी विझवली.

बसखालचा खटखट आवाज मधेच थांबला होता. गोकुळदासाला गुडघ्यांत कळ येत होती, पण उठणं बरं दिसलं नसतं.

"ऐकलं," खालून सखारामचा आवाज आला. "आता जरा बाजूला सरा, मेस्त्री. तुमचा अंधार पडतोय."

गोकुळदास तसाच, उकिडव्यानेच, एका बाजूला सरकला.