आपण लपलो

आत्याला हॉटेलच्या धुलाईखान्यात सगळे ‘पोलीस’ म्हणत. तीस वर्षं तिने चादरींना इस्त्री केली, पण स्वतः वाचून, वर दोन वेगळ्या माणसांकडूनही वाचून घेतल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नाही. त्याला कारण होतं. एका प्राध्यापकाने गोड बोलून तिच्या आईच्या गोष्टी टेप केल्या आणि पुस्तकावर स्वतःचं नाव छापलं. आईच्या फोटोखाली नुसतं ‘एक आदिवासी स्त्री’. तो राग आत्याच्या मनातून कधी गेलाच नाही.

आता खुद्द भाचीनेच तिच्यावर चित्रपट केला होता. आदिवासी दिग्दर्शकांच्या महोत्सवात तो संध्याकाळी दाखवणार होते, पण आत्याने सही दिली तरच. म्हणून दुपारी रिकाम्या थिएटरात आधी तिला दाखवला. संयोजक बाई सारख्या पाणी हवं का विचारत होत्या. एवढं पाणी कशाला पाजतात, म्हणून आत्याला त्यांचाही संशय आला.

पडद्यावर ती इस्त्री करता करता आपल्या भाषेत जुनी गोष्ट सांगत होती. खाली शहरी भाषेत अक्षरं उमटली: ‘सैनिक आले, तेव्हा आपण डोंगराच्या कपारीत लपलो.’

“थांबवा!” आत्या कडाडली. “आपण? लपलो ते आम्ही, आणि लपलो कुणापासून? हे वाचायला येणाऱ्या शहरवाल्यांपासूनच ना! कुणी बदललं हे?”

संयोजक बाईंचा चेहरा पडला. “कुणी नाही बदललं, आत्या,” भाची म्हणाली. तिने तो तुकडा पुन्हा ऐकवला. आवाज आत्याचाच होता. आणि त्यांच्या भाषेतही ‘आपण’ वेगळं, ‘आम्ही’ वेगळं. ती ‘आपण’च म्हणाली होती.

आत्या चपापली. “अगं, कॅमेऱ्यामागे तू होतीस. मी तुला सांगत होते. या चारशे खुर्च्यांना कोण सांगत होतं?”

“मग खाली ‘आम्ही’ लिहू?” भाचीचा आवाज रडवेला झाला. “तू म्हणशील तसं.”

आत्याने पडद्यावरची अक्षरं पुन्हा वाचली. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर. ऐकणारी तर भावाची पोर होती.

“राहू दे,” ती म्हणाली. “यांना हाकलायला तुला कुठे बाहेर काढू?” आणि तिने सही केली.

संध्याकाळी थिएटर भरलं. ‘आपण लपलो’ हे चारशे अनोळखी माणसांनी वाचलं. भाचीचा हात घट्ट धरून आत्या मागे वळली आणि एकेक चेहरा निरखत राहिली. यातल्या कुणाकुणाचे आजोबा तेव्हा सैनिक होऊन शोधायला आले होते, तेवढं तिला बघून ठेवायचं होतं.