भिंत नसलेलं पाणी

कोंडिबातात्यांनी आमच्या गावातल्या दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं, हे आधीच सांगून टाकतो. कारण गेल्या फेब्रुवारीपासून जो भेटतो तो मला हेच ऐकवतो, "पवता येत नव्हतं तर म्हातारपणी समुद्रात कशाला जायचं वं?" पोहता येत नव्हतं म्हणे! ज्याच्या पाठीवर बसून हे बोलणारा स्वतः पहिल्यांदा पाण्यात उतरला, त्याच्याबद्दल असं बोलायचं. मी प्राथमिक शाळेचा मास्तर, पोरांवर ओरडून माझा घसा केव्हाच बसलाय. पण असं कुणी बोललं की उरलासुरला आवाजही चढतो.

आमचं गाव लोहाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. तात्यांचं शेत गावाच्या खालच्या अंगाला, आणि त्यात त्यांची विहीर. सरकारी योजनेतून मंजूर झालेली, पण खोदली ती तात्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनीच. सात परस, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल, गोल, आतून दगडाचं बांधकाम. सुरुंगाचा दगड काकू डोक्यावरनं वर काढायच्या, तेव्हा त्यांचा अमरदीप पोटात होता.

विहीर स्वतःची असणं म्हणजे काय, हे तात्यांना विचारायला हवं होतं. ते आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील आमच्या खळ्यावर राबत होते. उन्हानं तापलेलं पोरगं आमच्या विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागलं. माझे आजोबा हिंमतराव वर मोटेच्या बैलांच्या धावेवर उभे होते. ते ओरडले नाहीत की अंगावर धावून गेले नाहीत. नुसतं म्हणाले, "पाण्यात उतरायचं न्हाय. आमच्यात चालत न्हाय." बापानं पोराला दंडाला धरून वर ओढलं आणि आजोबांच्या देखत त्याच्या मुस्काटात दिली. तात्यांनी मला हे एकदाच सांगितलं, तेही हसत हसत. मला काही हसू आलं नाही.

पुढं विहिरी खोदायच्या कामावर फिरता फिरता, दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात ते पोहायला शिकले. मी आठ वर्षांचा होतो त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसत होता आणि तात्यांच्या विहिरीत चार परस पाणी होतं. गावातली सगळी पोरं तिकडं पळाली, मीही पळालो. तात्यांनी माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि दिलं ढकलून. आजोबांना कळलं, पण ते एक शब्द बोलले नाहीत.

तात्यांची शिकवणी दोन वाक्यांची. पहिलं, "भ्यायचं न्हाय. कुठल्याबी अंगाला हात मारा, भिंत येतीच. भिंत कुठं पळून जात न्हाय." आणि दुसरं, "दमलात का उताणं पडायचं. पाणी आपल्याला धरून ऱ्हातंय." बस्स, एवढ्यावर आमचं गाव तरलं. चाळीसेक उन्हाळ्यांत त्या विहिरीत कुणी बुडालं नाही.

फक्त सुमनकाकू तेवढ्या कधी पाण्यात उतरल्या नाहीत. काठावर बसून त्यांनी जन्मभर धुणी धुतली. सुनेनं, पुढं सासूनं, पोरांसमोर लुगडं सावरत विहिरीत उडी मारायची? गावानं काय काय म्हटलं असतं. त्यांच्या मनात असेल असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

अमरदीप बँकेत लागला आणि बदली होऊन कोकणात समुद्रकाठच्या एका गावी गेला. त्या गावाचं नाव मी घेणार नाही, माझ्या तोंडून निघत नाही. यंदा जानेवारीत त्याला दोन महिने हैदराबादला ट्रेनिंगला पाठवलं, तो बायको आणि श्रावस्तीला, म्हणजे लेकीला, घेऊन गेला. भाड्याचं घर रिकामं राहणार होतं. तो आईवडिलांना म्हणाला, जन्मात कधी सुट्टी घेतली नाही, जा आणि आराम करा. तात्यांनी ज्वारी, म्हैस आणि विहिरीची मोटार माझ्या हवाली केली आणि पंधरा दिवसांसाठी म्हणून दोघं गेले.

पंधराचे महिना झाले. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. आधी मोटार चालवली का, म्हशीनं किती दिलं, ही चौकशी, मग समुद्र. तात्यांनी अर्धी चड्डी घेतली होती आणि ती मला दाखवायला फोन लांब धरायचे. काकू मागून ओरडायच्या, "अवं, त्यो मास्तर हाय, त्याला चड्डी काय दावताव!" सकाळी दोनदा चहा, माडाखाली खुर्च्या टाकून बसणं, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दुपारी मासळी आणि भात. काकू म्हणाल्या, "रणधीर, इथं येरवाळी उठायला कायबी कारणच न्हाय बघ. म्या रोज उठती आन् परत झोपती." इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रोज फोन ठेवताना तात्या म्हणायचे, "आणखी आठ दिस ऱ्हातो गड्या, चालंल का तुला?" मी म्हणायचो, "महिनाभर राहा की." ते माझं वाक्य आता मला रोज ऐकू येतं.

एके दिवशी तात्यांनी फोन समुद्राकडं फिरवला. "ही बघ, लई भारी जागा घावली." दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत होत्या आणि मधल्या एका रुंद पट्ट्यात लाटच नव्हती. गडद, सपाट, गुमान पाणी. अगदी विहिरीतल्यासारखं. "तुझ्या काकूला शिकवतोय इथं. तिनंच इचारलं. म्हनली, इथं आपल्याला कोण वळखतंय?" काकू ओढणीनं तोंड झाकून हसत होत्या. अंगात श्रावस्तीचा सलवार-कुडता होता.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "झकास जागा आहे, तात्या. लाटांत शिकवू नका, इथंच शिकवा." मीही विहिरीचाच पोहणारा.

आठवडाभर शिकवणी रंगली. काकू गुडघाभर पाण्यातून कमरेएवढ्या पाण्यात गेल्या, मग उताणं पडायला शिकल्या. "कान पाण्यात बुडालं का लई शांत वाटतंय," असं त्या मला लाजत लाजत म्हणाल्या. बासष्टाव्या वर्षी! मला इतका आनंद झाला की मी शाळेत पोरांना ही गोष्ट सांगितली.

मग एका संध्याकाळी फोन आला तो नुसत्या आवाजाचा. तात्या म्हणाले, "रणधीर, तुझा आजा भेटला आज."

"आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली, तात्या."

"भेटला म्हंतो ना. घरमालकिनीच्या तोंडानं बोलला. आली अंगणात आन् म्हनली, त्या बाजूच्या पाण्यात उतरायचं नाही, आमच्यात कोणी उतरत नाही." मग म्हणाले, "आलो त्याच दिशी आडनाव इचारलं व्हतं बाईनं. म्या सांगितलं, आपण कुठं झाकून ठिवतो का. आता बरूबर महिन्यानं तिला पाणी आठवलं."

"का उतरायचं नाही, ते विचारलं का?"

"म्या लहान असताना तरी कुठं इचारलं व्हतं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं की तात्या, तिथली बाई आहे, तिला समुद्राचं काही ठाऊक असेल, एकदा विचारून तर बघा. नुसतं एवढंच बोलायचं होतं. पण बोलणारा कोण? हिंमतरावांचा नातू. त्यानं सांगायचं का, की तात्या, पाण्यात उतरू नको म्हणताहेत तर ऐका? लाज वाटली मला. ती लाज मी तेव्हा चांगुलपणा समजलो.

"कुणाच्या बापाचा न्हाय समुद्र," तात्या म्हणाले. "आता रोज दोनदा जानार."

आणि ते खरंच रोज दोनदा जायला लागले. फोनवर हसणं होतं, पण पूर्वीचं नव्हतं. घरमालकीण समोरच्या अंगणात मासळी वाळत घालायची, आणि तात्या मुद्दाम तिच्या समोरून, खांद्यावर टॉवेल टाकून, काकूंना घेऊन जायचे. तिनं आणखी एकदा हाक मारली, तर त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि मी त्यावर "बरं केलं" म्हणालो.

परतायला चार दिवस राहिले असताना काकूंनी फोनवर एक गंमत सांगितली. त्यांची चप्पल पाण्यात पडली. लाट नाही, वारा नाही, तरी चप्पल काठावरनं निघाली ती सरळ आत, समुद्राकडं. तात्या मागं गेले, पण हाताशी येईना. "कुणीतरी दोरीनं वढल्यागत गेली बघ," काकू हसून म्हणाल्या. तात्या म्हणाले, "नवी घिऊ. तुळजापुरातनं घितलेली, लई जुनी झाल्ती."

फोन ठेवला तरी मला बरं वाटेना. मी मोटार बंद करायला विहिरीवर गेलो होतो. काय मनात आलं कुणास ठाऊक, पायातली चप्पल काढून विहिरीत टाकली. ती जागच्या जागी गरगरली, हळूहळू कडेला सरकली आणि भिंतीला टेकून राहिली. मी किती तरी वेळ ती बघत उभा होतो. हातात फोन होता. लावला नाही. चार दिवसांनी येतीलच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाचला फोन आला नाही. सहाला मी लावला, उचलला नाही. सातला अमरदीपचा आला, हैदराबादहून. त्याला नीट बोलता येत नव्हतं. मला वाटलं काकू. देवाशपथ, मला वाटलं काकू गेल्या. तात्या पाण्यात जातील हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. अमरदीपनं तीनदा सांगितलं तेव्हा शिरलं.

आम्ही त्यांना गावी आणलं, त्यांच्या शेतातच, विहिरीच्या वरच्या बांधाला अग्नी दिला. घरमालकीण कोकणातून अमरदीपबरोबर आली होती. सातव्या दिवसापर्यंत राहिली, एका कोपऱ्यात बसून असायची. अमरदीपनं वाटेत तिच्याकडून ऐकलेलं मला सांगितलं. लाटांनी काठावर आणून टाकलेलं पाणी त्या गुमान पट्ट्यातून परत आत जातं, म्हणूनच तिथं लाट फुटत नाही. तिथले कोळीही त्यात उतरत नाहीत. सापडलंच कुणी, तर आडवं पोहत बाजूच्या लाटांत यायचं, लाटा आपोआप काठावर टाकतात. सरळ काठाकडं पोहायचं नाही. किती पट्टीचा पोहणारा असला तरी त्या पाण्याला पुरा पडत नाही.

सातव्या दिवशी जलदान विधी होता. ओसरीवर तात्यांचा फोटो, बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, समोर ताटात पेला. भिक्खूंनी सुत्तं म्हणायची आणि घरच्यांनी, गोतावळ्यानं एकेक करून पुढं येऊन पेला भरून ताटात सांडेपर्यंत तांब्यातलं पाणी ओतायचं. मी दारातच उभा होतो. काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि शेजारी बसवून, हळू आवाजात, मी न विचारता सगळं सांगितलं.

"शेवटचा धडा व्हता. म्हनले, आज हात सोडतो, एकली पडून दाव. म्या पडले. डोळं झाकलं. उघडलं तर काठ लांब. म्या वरडले. ते सपासप हात मारत आले, मला धरलं आन् वढाया लागले, सरळ काठाकडं. लई वढलं रे. काठ येतच न्हवता. मग म्हनले, तू उताणी पड, हलू नगंस, म्या काठाला लागतो आन् माणसं आणतो. म्या पडून ऱ्हायले. कान पाण्यात. त्यांचं हात मारणं ऐकू येत व्हतं. मग ते बी थांबलं. त्या बाईनं आरडून होडी धाडली म्हणून म्या हाय."

मी मान खाली घातली. तात्यांनी हात मारले असतील, मारतच राहिले असतील. चाळीस वर्षं ज्या अंगाला हात मारला त्या अंगाला त्यांना भिंत मिळाली होती, आणि ती भिंत त्यांनी स्वतः बांधली होती.

काकूंनी कोपऱ्यात बसलेल्या घरमालकिणीकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"रणधीर, खरं सांग. त्या बाईनं तुला सांगितलं असतं, उतरू नगंस म्हणून, तर तू ऐकलं असतंस?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"व्हय, काकू," मी म्हणालो. "ऐकलं असतं."

"का?"

"मला पाण्यात उतरू नको म्हणणारं जन्मात कुणी भेटलं नव्हतं. मला वाटलं असतं, बाई काळजीनं सांगतीय."

काकूंनी पुढ्यातला तांब्या उचलला आणि माझ्या हातात दिला.

"वत पाणी," त्या म्हणाल्या.