जाऊ नका, लासूर

मला सल्ला विचारायला कुणी येऊ नये, असं माझं म्हणणं आहे. तरी माणसं येतातच. सरकारी पेन्शन खात बसलेल्या बाईला जगातलं सगळं कळतं, असा आपल्याकडं समज आहे. नोकरी सोडू का धरू, विचारायला गल्लीतली पोरं येतात. मी त्यांना चहा पाजते आणि तुझ्या बापाला विचार म्हणून वाटेला लावते. तुसडी म्हणतात मला. म्हणू देत.

गेल्या आठवड्यापर्यंत आयुष्यात एकदाच मी कुणाला नोकरीबद्दल सल्ला दिला होता, आणि तो खोटा होता.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी माझा जन्म. बाविसाव्या वर्षी मी औरंगाबादच्या टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर म्हणून लागले. ट्रंक कॉल लावायचे. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड. कुणाला लासूरशी बोलायचं असलं की मी लासूर गावच्या एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला हाक मारायची, त्यानं तिथं पुढं जोडून द्यायचं. आम्ही ऑपरेटर एकमेकांची नावं विचारत नव्हतो, गावाच्या नावानंच हाक. कन्नडची बाई माझ्यासाठी कन्नड, आणि हा लासूर. त्याच्यासाठी मी औरंगाबाद.

दुपारी दोन ते चार लाइन थंड असायची. तेव्हा तो बोलायचा. मोंढ्यात कापसाच्या किती गाड्या आल्या, कुणाचा बैल उधळला, आईचे गुडघे कसे धरलेत, सगळं. मी डबा खात ऐकायची. माझं तेव्हा असं होतं: आईवडील गेलेले, भाऊ नाशिकला, लग्न जमता जमता राहून गेलेलं, खडकेश्वरला भाड्याच्या दोन खोल्या. दिवसभर परक्या माणसांच्या गाठी घालून द्यायच्या आणि घरी येऊन आपलं कुलूप आपणच उघडायचं. खरं सांगते, त्या दोन तासांसाठी मी कामावर जात होते. प्रेमबीम काही नव्हतं, उगाच कुणी तसलं समजू नये. नऊ वर्षांत त्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी त्याचा आवाज वेगळा लागला. त्याच्या मेहुण्यानं मोंढ्यात अडतीचं दुकान काढलं होतं आणि त्याला भागीत बोलावत होता. पोळ्यापर्यंत सांग, नाहीतर दुसरा बघतो, म्हणाला होता. याला जायचं होतं, ते त्याच्या बोलण्यावरूनच कळत होतं. माणसांत, गलक्यात रमणारा गडी तो. एका खोलीत बसून बसून त्याचा जीव विटला होता. पण घरात कुणी हो म्हणत होतं, कुणी नाही.

"औरंगाबाद, तुमी शिकलेल्या," तो म्हणाला. "तुमी सांगाल तसं करतो. जाऊ का राहू?"

त्यानं जावं, हे मला स्वच्छ कळत होतं. पण उद्या दुपारी दोन वाजता मी कुणाचं ऐकायचं, हेच पहिलं मनात आलं.

"जाऊ नका, लासूर," मी म्हणाले. "सरकारी नोकरी आहे. व्यापाराचा काय भरवसा?"

तो म्हणाला, "व्हय. तुमी म्हणता तर नाय जात."

त्या दिवशी घरी जाऊन मी साखरभात केला. एकटीसाठी. इतकी खूश होते मी. आता सांगायलाही लाज वाटते.

पुढं तीनेक वर्षांत लासूरचं एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं. तिथं ऑपरेटर लागेना. त्याची बदली मराठवाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली, फायलींच्या टेबलावर. आई घर सोडायला तयार नव्हती, ती गावातच राहिली. मेहुण्यानं केव्हाच दुसरा भागीदार घेतला होता, आणि दुकान जोरात चाललं होतं. हे सगळं त्यानंच मला सांगितलं, कुरकुर न करता.

शेवटच्या दिवशी म्हणाला, "तुमचे लई उपकार हायेत, औरंगाबाद. माझ्या भल्याचं तुमीच सांगितलं."

खरं सांगायला तेवढीच वेळ होती. बोर्डावर दुसरा कॉल लागला. मी "थांबा हं" म्हणाले आणि तो कॉल घेतला. घ्यायची काही गरज नव्हती, शेजारणीनं घेतला असता. परत आले तोवर तो गेला होता. आता तर आमच्या शहराचंही नाव बदललं. मला औरंगाबाद म्हणून हाक मारणारं कुणी राहिलं नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण भावाची नात. तीन वर्षं ती माझ्याकडं राहते, वाळूजला कंपनीत जाते. संध्याकाळी येते, चपला दोन दिशांना भिरकावते, आल्या आल्या काहीतरी खायला माग, कुणाची नक्कल कर, असं तिचं चालतं. मी ओरडते. ती येईपर्यंत माझं लक्ष गेटाच्या कडीकडं असतं, हे काही मी तिला कधी सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाली, पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलंय, काम तिच्या आवडीचं आहे. मी तव्यापाशी होते.

"आत्याआजी, जाऊ का राहू?"

"जा," मी म्हणाले. पोळी उलटायच्या आत.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "इतक्या पटकन?" म्हणाली. "मला वाटलं होतं, एकदा तरी थांब म्हणशील." तिचे डोळे भरले.

लासूरचं सगळं तिला सांगावं, असं फार वाटलं. ओठांवर आलं होतं. पण ते ऐकून ती मला सोडून गेली नसती. म्हणून मी पोळी तिच्या ताटात टाकली आणि म्हणाले, गरम आहे तोवर खा.