एक स्टॉप आधी

दोह्यात पायी कुठं जाता येत नाही. अल गराफ्यात मुलाच्या व्हिलात येऊन मला चार महिने झाले. दारापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून मॉलपर्यंत, एवढंच माझं चालणं. दुपारी खिडकीच्या काचेला हात लावावा तर तवा, म्हणून पडदे दिवसभर ओढलेले. या वयात कैद मिळाली, तीही एसीतली.

आणि मी कोण, तर जिनं कॉलेजात असताना तीन वर्षं उगाच पायपीट केली ती.

मराठवाड्यातलं आमचं कॉलेज आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर बसवलेल्यांसाठी काढलेलं. नाव घेतलं की समोरच्याला जात कळायची. बस थेट आमच्या फाटकाशी थांबायची. पण मी शहाणी एक स्टॉप आधी, मोठ्या कॉलेजपाशी उतरायची. वह्या छातीशी धरून त्यांच्या गेटकडे चार पावलं टाकायची आणि बस दिसेनाशी झाली की उन्हातून पुढं आमच्या कॉलेजात. छत्री उघडायची सोय नव्हती, तिच्यावर आमच्या कॉलेजचं नाव रंगवलेलं. बसमध्ये असायच्या भाजीवाल्या. त्यांना त्यांच्या पाट्यांची काळजी. मला मात्र वाटायचं, अख्खी बस माझ्यावर नजर ठेवून आहे. असं ते येडं ध्यान.

पुढं नोकरीत, शेजारात मी मोठ्या कॉलेजचंच नाव सांगितलं. पोटच्या मुलालाही.

आता नातीची गोष्ट. तिला अमेरिकेतल्या एका जुन्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. ते काळ्या लोकांसाठी काढलेलं, हिच्या शाळेतल्या बाई तिथंच शिकलेल्या. होकार कळवायला रविवारपर्यंतची मुदत. गुरुवारी ती मला फोनवर ते दाखवत होती. मोठे ढोल वाजवत चाललेली मुलं, जुन्या विटांच्या इमारती.

"आजी, गुलामीतून सुटलेल्या लोकांनी सुरू केलं हे. स्टुडंट्सनी स्वतः विटा भाजल्या. इमॅजिन."

इमॅजिन काय करायचंय? आमच्या कॉलेजच्या आवारातला मुरूम आम्हीच पसरला होता.

"तुझं कॉलेज कसं होतं?"

"मोठं होतं," म्हणाले, आणि चहा मागितला.

मुलगा दारातून बोलला, "आई, तू तरी समजाव. लोक विचारतील, तिथंच का? ते नाव जन्मभर बायोडेटावर राहतं. इथं काय कमी कॉलेजं आहेत?"

मी चहात बिस्कीट बुडवत बसले. ते तुटून तळाशी गेलं.

शुक्रवारी दुपारी जेवायला मुलाच्या ऑफिसातलं पुण्याचं जोडपं आलं. त्यातल्या बाईंनी नातीला विचारलं, "मग, कुठं ॲडमिशन?"

ती तोंड उघडणार तोच मुलगा म्हणाला, "अजून नक्की नाही. इथलंच बघतोय एक."

नात ताटातला भात चिवडायला लागली. बापानं पोरीला एक स्टॉप आधी उतरवलं होतं.

"काकू, तुम्ही कुठल्या कॉलेजच्या?" बाईंनी मला विचारलं. याही वेळी मुलानंच उत्तर दिलं, तेही अभिमानानं. "मोठ्या कॉलेजची. आई-बाबा भेटले तेच मुळी त्या गेटवर."

"गेटवर भेटलो ते खरं," मी म्हणाले. "आत मात्र दोघंही कधी गेलो नाही."

मग सगळं सांगितलं. बस, छत्री, आमच्या खऱ्या कॉलेजचं नाव.

"बाबा पण?" मुलाचा घास हातातच राहिला.

"ते पण तिथंच उतरायचे. सहा महिने आम्ही एकमेकांना सांगत होतो, इथं लायब्ररीत काम आहे म्हणून. मग एकदा आमच्याच मेसमध्ये समोरासमोर आलो, हातात भाकरी."

नात खुदकन हसली. बाकी कुणी नाही. पाहुण्या बाईंनी माझ्या पानात न विचारता दही वाढलं. गावी असते तर अशा वेळी शेजारी निघून गेले असते. इथं बाहेर पंचेचाळीस डिग्री. पाहुणे बसून राहिले, दही खात.

पाहुणे गेल्यावर मुलगा सोफ्यावर येऊन बसला. मग मुलीला म्हणाला, "ते प्रवेशाचं पत्र आण. कॉलेजचं नाव वाच बघू, पूर्ण."

तिनं वाचलं.

"परत."

तिनं परत वाचलं. मग त्यानं स्वतः ते म्हणून बघितलं. मध्ये एकदा अडखळला. फोन उचलून पुण्याच्या त्या सहकाऱ्याला म्हणाला, "अरे, मघाशी नीट सांगितलं नाही," आणि ते नाव पुन्हा घेतलं. या खेपेला कमी अडखळला.