बुरशीवाल्या बाई

आयटीची लाट आली तेव्हा माझ्या बरोबरीच्या निम्म्या मुली कॉम्प्युटर शिकून हिंजवडीला गेल्या. मी बुरशी वाढवत राहिले. शिळ्या भाकरीवर धरते तिचीच ही चुलतबहीण, धाग्याधाग्यांची. तिच्यात माणसाच्या अँटिबॉडीचा जीन घालायचा, म्हणजे कॅन्सरवरचं महागडं औषध ती साखरेच्या पाण्यात स्वस्तात बनवून देईल, असा आमचा बेत. पण बुरशी वस्ताद निघाली. एकीकडे अँटिबॉडी बाहेर टाकायची आणि दुसरीकडे स्वतःच तिचे तुकडे करायची. तुकडे करणारी एन्झाइम एकेक करून काढून टाकण्यात माझं तरुणपण गेलं.

संस्थेत बाकी सगळे प्राण्यांच्या पेशी वाढवणारे. पेशींना बुरशीची धूळ म्हणजे काळच. कणभर आत गेली की सगळं काम कचऱ्यात. म्हणून माझी खोली गच्चीलगत, कोट वेगळा, जिनाही वेगळा. जेवणाच्या टेबलाशीसुद्धा कुणी बोलवत नसे. "बुरशीवाल्या बाई, आपण तिकडेच बऱ्या," असं हसून म्हणायचे. मीही हसायचे. नियम चुकीचा नव्हता, पण एकटीने खाताना डबा अर्धाच संपायचा.

हे एकदा विश्रांतवाडीच्या घरी सहज बोलून गेले. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, त्याआधीचं गाव दादांनी लहानपणी पाहिलेलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"आंघोळ करून, कपडे बदलून गेलीस तर बसू देतात?"

"तसं नाही ते दादा. विज्ञान आहे."

"कारखान्यात आम्हीही कपडे बदलूनच आत जायचो. पण बाहेर आल्यावर एका बाकावर जेवायचो."

मी त्यांचं ताट पुन्हा पुढे सरकवलं.

पुढे आईच्या ऑपरेशनसाठी मी मोठी रजा घेतली. निघण्याआधी बुरशीचं पाणी अगदी बारीक गाळणीतून गाळून पेशींच्या खोलीत चाचणीला दिलं होतं. रजेतच फोन आला. अँटिबॉडी अखंड निघाली होती, कॅन्सरच्या पेशींना नेमकी जाऊन चिकटली होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

रजा संपल्यावर डोक्यावरून आंघोळ केली, नवी साडी नेसले, पेढे घेतले आणि माझ्या खोलीकडे न फिरकता जेवणाच्या वेळी थेट टेबलाशी गेले. सगळ्यांनी अभिनंदन केलं, अगदी मनापासून. "इतक्या दिवसांत बुरशीला हातही लावलेला नाही," असं सांगून मी खुर्ची ओढली. बोलणं चालू राहिलं, डबे मात्र पटापट बंद झाले. कुणाला मीटिंग आठवली, कुणाला फोन.

"पेढे असू द्या इथे. घेतो नंतर."

थोड्या वेळाने टेबलाशी मीच उरले.

ते बुरशीला भ्यायले की माझ्या आडनावाला, हे मला आजही माहीत नाही. बुरशी असेल तर तपासणीच्या बशीत उगवून दिसते. दुसऱ्या गोष्टीची तशी तपासणी नसते.

संध्याकाळी पुडा तिथेच होता. तो घरी आणला. दादांनी हातात घेऊन पाहिला. दुकानदाराने बांधलेली दोऱ्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. ती त्यांनी सावकाश सोडली, पहिला पेढा माझ्या तोंडात घातला आणि विचारलं, "उद्यापासून दुपारी मी येऊ का गं तिकडे जेवायला?"