मौजवनची दोन तिकिटं

दिनकर गेल्याचं त्याच्या मुलाने सकाळी फोनवर सांगितलं, तेव्हा मी चहा गाळत होतो. पाच आठवडे झाले. तलासरीच्या कचेरीत आम्ही वर्षानुवर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसलो, राहायलाही दोघं मसोलीतच. त्यामुळे भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "तुमच्यासारखा मित्र मिळाला, नशीबवान माणूस." मी मान हलवतो. दुसरं काय करणार?

तलासरीजवळ हायवेला 'मौजवन' नावाचं पार्क होतं. दिनकरचा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम तिथे झाला. नयनावहिनी उंबरगावच्या, तेव्हा दोन्ही घरांना मध्ये पडेल म्हणून कुणीतरी ही जागा सुचवली. वडीलधारे खाली भेळ खात बसले आणि या दोघांना आकाशपाळण्यात बसवून दिलं. पाळणा वर जाताच दिनकरने दांडी घट्ट धरली, तर वहिनी म्हणाल्या, "बीक लागते ने? घाबरलात ना? मग माझा हात पकडा." लग्न तिथेच ठरलं. पुढे दरवर्षी त्या दिवशी दोघं जाऊन पाळण्यात बसायचे. वहिनी कॅन्सरने गेल्या आणि माझी पाळी आली, कारण पाळण्यात एकट्याला बसवत नसत. पाळणेवाला दोघांच्या तिकिटांचे कोपरे फाडी आणि मगच आत सोडी. वर गेलं की दिनकर अगदी गप्प होई... मी मात्र कुरकुरत असे. बायको गेली तरी याचं पोरपण काही जात नाही, असं मी कचेरीत हसत हसत सांगितलंही आहे.

नोटाबंदीनंतरच्या उन्हाळ्यात पार्क विकलं गेलं. नव्या मालकांना जुनं नाव गावठी वाटलं म्हणे! नाव बदलायच्या आदल्या दिवशी दुपारी दिनकर दारात आला. "चल ना रे. उद्यापासून मौजवन राहणार नाही." टीव्हीवर मॅच रंगात आली होती. मी म्हटलं, "पाटी बदलतेय, पाळणा थोडाच पळून जातोय? पुढच्या रविवारी जाऊ." तो चपला घालून निघून गेला. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "छान झालं." पुढच्या रविवारी गेलो, तेव्हा पाळणा कापून ट्रकवर चढवत होते. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या येणार होत्या. त्यानंतर दिनकरने मौजवनचा विषयच काढला नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं.

तेराव्याला त्याच्या खोलीत बसलो होतो. कॅलेंडरच्या खिळ्याला टोचलेले दोन कागद काढून मुलगा म्हणाला, "काका, हे टाकू ना?" मौजवनची तिकिटं होती, आकाशपाळण्याची, त्या शेवटच्या दिवसाची. म्हणजे मी नाही म्हटल्यावरही त्याने दोन काढली होती... कदाचित मी मागून येईन म्हणून. दोन्हींचे सगळे कोपरे शाबूत होते.

तिकिटं मी घरी आणली आहेत. त्यातलं एक माझं आहे.